रिकामं धरलेलं नदीपात्र

एका धरणावर भालचंद्र नावाचा एक प्रोग्रामर होता. त्याची संगणकाची भाषा मोठी काटकसरी. एक चिन्ह लिहिलं की आकड्यांची अख्खी ओळ हलायची. त्या भाषेत आज्ञा आपली आपणच घडवायची. आकडे आज्ञेच्या नुसते उजवीकडे दिले तर तिने काय करायचं, आणि डावी-उजवी दोन्हीकडे दिले तर काय करायचं, हेही घडवणाऱ्यानेच ठरवायचं. त्यात भालचंद्रचा हात धरणारं कुणी नव्हतं. आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं, हीच तर खरी रड!

त्याने धरणाचे दरवाजे उघडायची आज्ञा घडवली. उजवीकडे द्यायचं, कोणता दरवाजा किती उघडायचा ते. डावीकडे द्यायची खालच्या नदीपात्राची खबर: कुठे माणसं आहेत, कुठे नाहीत. दोन्ही मिळालं की आज्ञा आधी माणसांच्या बाजूचे भोंगे वाजवी, थांबे आणि मगच पाणी सोडी.

उन्हाळ्यात पात्रात माणसं असतच. पाणी आटलं की भोई मंडळी वाळूत कलिंगडाच्या वाड्या लावत. त्यातली येसाबाई हंगामाचं पहिलं कलिंगड भालचंद्रला आणून देई. म्हणे, "भाऊ, आमी खाली हाय बरं का. ध्यानात असू द्या."

"येसाबाई, तुम्हाला मशिनच्या पोटातच घालून ठेवलंय," तो हसून म्हणे.

राहता राहिली एक गोष्ट. डावी बाजू कुणी दिलीच नाही तर? सोबत काम करणारी इंदुमती म्हणाली, "तर आज्ञेने अडून बसावं. दरवाजा हलताच कामा नये."

"अगं, ऊठसूट नदी बघायला कोण जाणार? दरवाजे चालवणारे चौकीवरचे लोक बोंब मारतील!" भालचंद्र म्हणाला. त्याने एका ओळीत निकाल लावला. नुसते उजवीकडचे आकडे आले तर पात्र रिकामं समजावं. भोंगा नको, थांबणं नको. पावसाळ्यात वाड्या नसतात, तेव्हा ते बरोबरही निघालं. साहेबांनी पाठ थोपटली.

सोपी वाट सोडून लांबच्या वाटेने कोण जातो? चौकीवरच्या लोकांच्या तेच अंगवळणी पडलं.

उन्हाळा आला. खालच्या शहराला पिण्याचं पाणी सोडायचं होतं. चौकीवरच्या नामदेवने भर दुपारी उजवीकडचे आकडे दिले आणि तो चहाला गेला. पाणी सुटलं. भोंगा वाजला नाही. येसाबाई बाजारात कलिंगडं विकायला गेली होती, म्हणून वाचली. तिचा नवरा कोंडिबा वाडीतल्या मांडवाखाली जरा डोळा लागून पडला होता. त्याचा देह खालच्या बंधाऱ्याला सापडला.

"पात्रात कुणी आहे का, हे मशिनने मला विचारलंच नाही हो!" नामदेव रडत म्हणाला. ते खोटं नव्हतं.

मग येसाबाई आली. या खेपेला हात रिकामे. तिने आकांत केला नाही, शिव्याशाप दिले नाहीत. एवढंच म्हणाली, "भाऊ, आमी तुमच्या मशिनच्या पोटात होतो ना?"

भालचंद्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याने ती ओळ पुसली. आता डावी बाजू दिली नाही तर आज्ञा अडून बसते आणि सांगते, आधी नदी बघून या. बैल गेला अन् झोपा केला!

पुढच्या उन्हाळ्यात नामदेव नेमाने नदी बघून आला. वाळूत एकही वाडी नव्हती. भोई केव्हाच गाव सोडून गेले होते. भालचंद्रने एका ओळीत जे धरून चाललं होतं, ते आता खरं झालं होतं. पात्र रिकामं होतं.

तात्पर्य: जे कुणी आपल्याला सांगितलं नाही, ते नाहीच असं धरून चालू नये; आपल्या सोयीसाठी रिकाम्या मानलेल्या जागेत कुणाचा तरी संसार असतो.