मावशीची तयारी

फार पूर्वी, लाकडाला वाचा होती तेव्हा, एका क्लबच्या कपाटात शेवंती नावाची कोरी बॅट आली. तिला जवसाचं तेल चोळलं, लाकडी मोगरीने आठवडाभर ठोकून काढलं. रविवारी सामना होता, म्हणून तिने सगळं निमूट सोसलं.

“झालीस गं बाई तयार!” मोगरी म्हणाली.

“इतक्यात?” कपाटातली थोरली बॅट कडाडली. “अजून तेल मुरू दे. आमच्या वेळी असली घाई नव्हती.”

शेवंती उसळली. “मावशी, तुम्ही धावा किती काढल्यात?”

“धावा? अगं, माझी अजून तयारीच चाललीये. बारा वर्षं झाली.”

मोगरीला हसू आवरेना.

रविवारी कर्णधार यामिनीने आधी मावशीलाच उचललं. तेल पिऊन पिऊन ती भलतीच जड झाली होती. “हा ओंडका कुणी ठेवलाय इथे?” म्हणत यामिनीने तिला खाली ठेवलं आणि शेवंतीला नेलं.

संध्याकाळी शेवंती परतली. अंगभर लाल डाग, कडेचा टवका उडालेला, त्यावर चिकटपट्टी.

“बघ! सांगत होते ना!” मावशी ठसक्यात म्हणाली. मग कपाटाचं दार बंद झाल्यावर ती हळूच शेवंतीजवळ सरकली.

“खरं सांग गं, चेंडू लागतो तेव्हा कसं वाटतं?”