पाळण्याजवळचा पंखा

डोंगराच्या पायथ्याशी एका गावात एक अंगणवाडीताई राहत होत्या. टॉर्च बंद पडो की मुलांचं बोलणारं खेळणं, ताई स्वतः उघडून नीट करत. गावाला त्यांचं फार कौतुक होतं.

एका उन्हाळ्यात त्यांनी मोबाइलच्या चार्जरवर चालणारा छोटा पंखा आणला. वारा जेमतेमच लागायचा. मग ताईंनी त्याची वायर कापून तिला टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सचा जुना चार्जर जोडला. तो पंख्याला सोसेल त्याच्या दुपटीहून जास्त वीज देत होता. पंखा चिरक्या आवाजात गरगर फिरू लागला.

शेजारची मैना म्हणाली, "ताई, आमच्या बाळाच्या पाळण्याजवळचा पंखाही असाच करून द्या ना!"

ताईंनी तोही करून दिला. मैनाचा नवरा बाजूला बसून सगळं बघत होता.

चार दिवसांनी सकाळी ताईंच्या पंख्यातून जळका वास आला. हात लावला, तर प्लास्टिक मऊ पडलेलं. तशाच त्या मैनाकडे धावल्या. पण दारात पोचल्यावर खरं सांगायची लाज वाटली. लोक काय म्हणतील?

"मैना, तुझ्या पंख्याचा चार्जर दे गं जरा. माझा बिघडलाय."

"न्या की ताई."

चार्जर घेऊन ताई घरी आल्या. 'आता काय होणार आहे?' असं त्या मनाला पुन्हा पुन्हा समजावत होत्या. एवढ्यात भिंतीपलीकडून तोच चिरका आवाज आला.

ताई अनवाणीच धावत सुटल्या. मैना मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. घरात पंखा धुमसत होता आणि पाळण्याच्या कापडाचा काठ पेटला होता. ताईंनी बटण बंद केलं, बाळाला उचललं आणि तांब्यातलं पाणी कापडावर ओतलं.

रडणं ऐकून मैना आणि तिचा नवरा धावत आले. नवरा चाचरत म्हणाला, "बाळाला उकडत होतं, म्हणून आमच्या टीव्हीचा चार्जर जोडला. तुमचं बघूनच केलं, ताई."

मग ताईंनी सकाळचं सगळं सांगून टाकलं. मैनाने बाळाला घट्ट छातीशी धरलं.

"पंखा जळू दे, ताई. पण सकाळी तुम्हाला माहीत होतं ना? तेव्हाही बाळ याच पाळण्यात झोपलं होतं."

त्या दिवशी ताई गावभर दारोदार फिरल्या आणि आपली चूक स्वतःच्या तोंडाने सांगत गेल्या. त्यांचं बघून केलेले आणखी दोन पंखे सापडले. दोन्ही तापलेले होते. काही जण हसले, काही चिडले, पण पंखे बंद झाले. मैना मात्र बाळाला त्यांच्या हाती द्यायला पुढे कितीतरी दिवस धजावली नाही.

तात्पर्य: आपल्या चुकीने दुसऱ्याला धोका असेल, तर ती लगेच आणि पूर्ण सांगावी. लाजेपोटी लपवलेली गोष्ट दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकते.