उत्तर न देता सोडलेलं मनगट

एका गावात एकदा एक वृद्ध वैद्य राहत असत. त्यांच्या घरी एक नियम होता. रोग्याचं मनगट हातात घेतलं की बरंवाईट जे असेल ते सांगितल्यावाचून सोडायचं नाही. दहा वर्षं हाताखाली राबलेल्या शिष्याला हा नियम पाठ होता. नुसता पाठच.

औषधं खलायला माणूस हवा होता. निवड वैद्यांनी शिष्यावर सोपवली. सहा जण आले. शिष्याने प्रत्येकाला दिवसभर खलायला बसवलं, भस्म चिमटीत घेऊन बोटांच्या रेषांत शिरण्याइतकं बारीक झालंय का ते पाहिलं, घरची चौकशी केली आणि प्रत्येकाला हसून म्हणाला, "कळवतो." एकाला ठेवलं. उरलेल्या पाचांना कळवायचं राहिलं. राहिलं कसलं, त्याने टाळलंच. नको म्हणायला त्याची जीभ उचलत नसे, आणि या भित्रेपणाला तो मनातल्या मनात दया म्हणत असे.

पंधरा दिवसांनी सकाळी वैद्यांनी त्याला हाक मारली. "बस. हात दे."

नाडीवर तीन बोटं ठेवून त्यांनी डोळे मिटले. कपाळाला आठी पडली. दुसरा हात पाहिला, पुन्हा पहिला. "वडील कितव्या वर्षी गेले रे तुझे?"

"चाळिसाव्या."

"हं." आणि त्यांनी मनगट सोडलं.

"काय आहे, गुरुजी?"

"कळवतो," म्हणाले आणि मुळ्या निवडायला बसले.

शिष्य आपलं मनगट धरून तिथेच बसून राहिला. गुरुजींनी आजवर कुणाचं मनगट असं सोडलं नव्हतं. त्यांची पावलं वाजली की त्याच्या छातीत धस्स होई. ती दारावरून पुढे निघून गेली की त्याहून अधिक. ताटातला भात निवून जाई. दिवसातून वीसदा तो आपली नाडी आपणच पाही आणि दर वेळी तिच्यात नवा रोग सापडे. बायकोने विचारलं तर तिच्यावर खेकसला, आणि मग ही मागे कुणाच्या आधाराने राहील म्हणून तिच्याकडे बघतच राहिला.

चौथ्या दिवशी त्याने गुरूंचे पाय धरले. "मरायचं असेल तर तसं सांगा. पण सांगा."

"तुला काही झालेलं नाही. बैलासारखा धडधाकट आहेस."

शिष्याला आधी रडू आलं, मग राग. "मग चार दिवस जीव टांगून का ठेवलात?"

"तुझा चार दिवस. खालच्या आळीतून खलायच्या कामासाठी आलेल्या त्या माणसाचा एकोणीस दिवस टांगलाय. त्याची बायको परवा भूक लागायचं औषध मागायला आली होती. तेलाच्या घाण्यावरून कामाचं बोलावणं आलं, तर हा म्हणतो, वैद्यांचा निरोप यायचाय. तू त्याची कुवत जोखलीस आणि उत्तर न देता हात सोडलास. अरे, नकार ऐकला तर माणूस दोन घटका कष्टी होतो आणि उठून दुसरीकडे जातो. निरोपच आला नाही, तर आपल्याच अंगातलं व्यंग शोधत बसतो. कडू औषध द्यायचं टाळणाऱ्याला दयाळू नाही म्हणत. पळपुटा म्हणतात."

शिष्य तसाच उठला. तो माणूस उंबऱ्यावरच बसला होता. शिष्याला पाहताच धडपडत उभा राहिला, धोतराला हात पुसले. मरणाची भीती परवडली, असं त्याला वाटलं.

"काम दुसऱ्याला दिलं. तुमचा हात चांगला आहे, पण त्याचं भस्म अधिक बारीक होतं. हे मी तेव्हाच येऊन सांगायला हवं होतं."

माणूस पुन्हा उंबऱ्यावर टेकला. "घाण्यावर काल दुसरा लागला," तो म्हणाला. "एवढंच सांगायचं होतं, तर एवढे दिवस कशाला, महाराज?"

माणूस आत वळला. "अगं, भाकर वाढ. खाऊन निघतो, कुठं काम मिळतंय का बघतो."

शिष्य उरलेल्या चार दारांकडे निघाला.

खुर्चीत बसून माणसं पारखणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: समोरचा उठून घरी गेला, तरी तुम्ही उत्तर देईपर्यंत त्याचं मनगट तुमच्याच हातात असतं.