पानात वाढलेली नजर

"पण बुवा, कासवीला दूध नाही, ती पिलांना चारा भरवत नाही. मग पिलं वाढतात कशावर? नुसत्या नजरेवरच ना?"

केरोबुवा शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा पद्माकर. केरोबुवांच्या नदीकाठच्या मठात तो चार वर्षं राहिला होता. पाठांतर दांडगं, आवाज खणखणीत, आणि या दोन्हींची त्याला स्वतःला पुरेपूर कल्पना होती. चैत्रातल्या एकादशीला त्याला पहिलं प्रवचन करायचं होतं. विषय ठरलेला होता: कासवी पिलाला नजरेनं पोसते, तसा गुरू शिष्याला.

"बोलू ना बुवा एकादशीला?"

"आपल्या स्टेशनमास्तरांची बदली झाली," बुवा म्हणाले. "त्यांची दोन कासवं ओसरीवर ठेवलीत. आता ती आपली. तू सांभाळ. मग बघू."

पद्माकर हरखला. गुरूंनी दृष्टांतच हातात दिला, असं त्याला वाटलं.

सभामंडपात देवासमोर दगडी कासव होतं. त्याच्याच शेजारी गुळगुळीत फरशीवर त्यानं ही दोन जिवंत कासवं ठेवली. तिथं समई होती, ऊन नव्हतं. त्यांच्यापुढं मांडी घालून तो तासन्‌तास प्रेमानं बघत बसे. त्याचं ते बघणं बघायला माणसं येऊ लागली, त्यामुळे त्याची बैठक आणखी लांबे. संध्याकाळी नैवेद्याचा दहीभात चिमूटभर ठेवायचा, तोही आपला रीत म्हणून.

मोठं कासव त्यातलं थोडं खाई. धाकटं, तळहाताएवढं, मान आत घेऊन पडून राही.

"इंद्रियं आवरलीत त्यानं," पद्माकर लोकांना सांगे.

पंधराव्या दिवशी धाकट्याचे डोळे सुजून मिटले. पद्माकर धावत स्वयंपाकघराशी आला.

"बुवा, समाधी लागली त्याला!"

बुवांनी येऊन ते उचललं. कवचाची पोटाकडची बाजू अंगठ्यानं हळूच दाबून पाहिली. कडक असायची ती मऊ लागली. त्यांनी ते नेऊन अंगणात कोवळ्या उन्हात ठेवलं, हात धुतले आणि न्याहारीची पंगत वाढायला घेतली.

भाकरी, पिठलं, कांदा. एकेक पान करत बुवा पद्माकरापाशी आले. त्यांनी टोपली खाली ठेवली, पातेलं खाली ठेवलं आणि त्याच्यासमोर बसून त्याच्याकडं बघू लागले. मोठ्या मायेनं.

पद्माकर हसला. मग अवघडला. शेजारचे जेवून हात धुवायला उठले.

"बुवा... माझ्या पानात काही वाढलं नाही."

"वाढलं की. केव्हाचा बघतोय तुझ्याकडं."

बुवा आणखी पुढं सरकले. "पोट भरलं?"

पद्माकराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो रिकाम्या पानावरून उठला आणि अंगणात गेला. धाकट्याला हातात घेतलं, तर ते अंगात जीव नसल्यासारखं हलकं लागलं. तेव्हा त्याला रडू आलं, आणि ते बघायला कुणी नव्हतं.

त्या दिवसापासून त्याचं पाठांतर राहिलं. सकाळी कोमट पाण्यात फडकं भिजवून धाकट्याचे डोळे पुसायचे. परातीत बोटभर पाणी घेऊन त्यात त्याला बसवायचं. मग ऊन दाखवायचं. जास्वंदीची पानं आणि लाल भोपळ्याचा कीस तोंडाशी धरायचा. धाकटं खायचं नाही. पद्माकर पुन्हा धरायचा. ऊन चढलं की त्याला तुळशीवृंदावनाच्या सावलीत सरकवायचं, सावली हलली की पुन्हा सरकवायचं. कुणाशी बोलताना त्याचं निम्मं लक्ष अंगणाकडंच असे, आणि भिक्षेला गेला तर तो अर्ध्या वाटेवरून परत येई.

बाराव्या दिवशी एक डोळा उघडला. दुसऱ्या दिवशी दुसरा. मग धाकट्यानं मान बाहेर काढली आणि जास्वंदीच्या पानाचा एवढासा लचका तोडला. पद्माकरानं ही गोष्ट कुणालाच सांगितली नाही.

एकादशी आली. दुपार होण्याआधीच सभामंडप भरला. बुवांनी पद्माकराला दाराशी गाठलं.

"बस आसनावर. लोक वाट बघताहेत."

पद्माकर जागचा हलला नाही.

"कोणत्या तोंडानं बोलू, बुवा? नजरेवर कुणी वाढत नाही. मी त्या जिवाला मारतच होतो. पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले ते सगळं..."

बोलता बोलता तो थांबला. त्याचे डोळे बुवांच्या खांद्यावरून अंगणाकडं गेले होते. वृंदावनाची सावली आखडली होती आणि धाकटं तापल्या फरशीवर उघडं पडलं होतं.

"ते सगळं काय?" बुवांनी विचारलं.

"...खोटंच ना, बुवा?" पद्माकर म्हणाला. तो अजून तिकडंच बघत होता.

बुवा हसले आणि वाटेतून बाजूला झाले.

"खोटं कशाला असेल? जा लवकर, ऊन आलंय त्याच्यावर."