मुकीचा ओटा आणि माळसोंडीचा नकार

माझी शाळा सातवीत सुटली. लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ चुकतं आणि शब्दही साधेच येतात, तेवढं सांभाळून घ्यावं.

आमच्या माळसोंडीच्या पेठेतला मोठा रस्ता सरळ येतो आणि मध्येच दुभंगतो. मधोमध एक दगडी ओटा आहे. त्यावर देव नाही, दिवा नाही. गाड्या दोन्ही अंगांनी वळून जातात. त्याला मुकीचा ओटा म्हणतात. बाहेरचं कोणी आलं की गावातले बयाजीतात्या त्याला तिथे नेऊन ही हकिकत सांगतात. मीही त्यांच्याच तोंडून ऐकली.

पूर्वी इथे पेठ नव्हती, नुसती रानं होती. इनामदारांच्या मनात आलं, इथे विणकर आणि तांबट आणून वसवावेत. तेव्हाची रीत अशी होती म्हणे, की ज्याचं रान जाणार त्याच्या बांधावर जाऊन दवंडी द्यायची. मालक तोंडाने नाही म्हणाला तर त्या रानात मोजणीची दोरी टाकायची नाही. गप्प राहिला तर कबूल.

मधलं रान साळू नावाच्या विधवेचं होतं. तिचा एकुलता मुलगा तापाने फणफणला होता. त्याच्यासाठी तिने श्रावणी सोमवारचं मौन धरलं होतं. दिवेलागणीपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. इनामदारांच्या कारभाऱ्याला हे ठाऊक होतं. त्याने दवंडीला सोमवारच निवडला.

भिवा दवंडीवाल्याने बांधावर उभं राहून हाळी दिली. साळू खुरपं टाकून उठली आणि जोरजोराने मान हलवू लागली.

भिवा म्हणाला, "कारभारी, बाई नको म्हणतीया."

"मान तर बैलबी हलवतो," कारभारी म्हणाला. "तू आपली हाळी दे."

भिवाने पुन्हा हाळी दिली. एका शब्दाने रान वाचलं असतं. घरात पोर निपचित पडलं होतं. साळूने पदराचा बोळा दातांत धरला आणि तशीच उभी राहिली. तिच्या देखत रानातून चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ गेली.

दिवे लागल्यावर ती धावत कारभाऱ्याच्या दारात गेली. "माझी हरकत आहे," ती म्हणाली.

"आता सांगतीस होय?" तो म्हणाला. "दिवसभर का दातखीळ बसली होती?"

असं सांगतात, की ते तिचं शेवटचं बोलणं. मुलगा बरा झाला, पण त्यालाही तिने पुन्हा कधी हाक मारली नाही. रस्ता येणार होता तिथे ती जाऊन बसली. पाथरवटांनी तिला सोडून दोन्ही बाजूंनी दगड बसवले. शेवटी ती तिथेच वारली. नंतर ती जागा बुजवायला आणलेले बैल म्हणे पुढे पाऊल टाकीनात. तेव्हा भिवाने स्वतःच्या हाताने तिथे ओटा बांधला, आणि गावाने ठरवलं की इथून पुढे माळसोंडीत गप्प बसणं म्हणजे नाही.

आजही तसंच चालतं. कोणी मुलगी मागायला आलं आणि घरातली माणसं गप्प बसली, तर पाहुणा पाणी पिऊन उठतो. त्याचा राग कोणी धरत नाही.

मागच्या महिन्यात नव्या वसाहतीचं काम बघणारे साहेब गावात आले. माळावर घरं होणार, बाग होणार, रुंद रस्ते होणार. त्यांनी शाळेत सगळ्या जमीनवाल्यांना बोलावून भिंतीवर नकाशा लावला. प्लॉटच्या रंगीत चौकोनांत आमचं ज्वारीचं रान होतं. साहेब चांगलं, समजेल असं बोलले. शेवटी त्यांनी विचारलं, "कोणाची काही हरकत?"

सगळी शाळा गप्प झाली. एरवी मिटिंगीत खोकणारे म्हातारेसुद्धा खोकले नाहीत. इतका मोठा नकार गावाने कधी दिला नव्हता.

साहेब हसले. "छान. सहकार्याबद्दल आभारी आहे." पोहे खाऊन ते गेले.

आम्हीही खूश होतो. वाटेने तात्या म्हणाले, "माणूस भला दिसतोय. एवढा नकार ऐकून हसत हसत गेला."

काल संध्याकाळी मी रानात गेलो, तर ज्वारी तुडवून खुंट्या ठोकलेल्या होत्या. मी तात्यांना बोलावून आणलं. ते बांधावर बसले आणि एक खुंटी हाताने हलवून बघितली. मग म्हणाले, "त्यांना कुणी सांगितलंच नाही रे." आम्हालाही कुणी सांगितलं नव्हतं, की बाहेर गप्प बसणं अजून कबुलीच धरतात.

आज सकाळी मी पहिल्या एस.टी.ने तालुक्याला गेलो. अनोळखी माणसांपुढे मला बोलता येत नाही. ऑफिसच्या खिडकीशी उभा राहून म्हणालो, "माळसोंडीच्या लोकांची हरकत आहे."

कारकुनाने मान वर केली नाही. "मिटिंगीत का नाही बोललात?"

"तिथे 'नाही'च म्हणालो होतो," मी म्हणालो.

तो मागच्या माणसाला पुढे बोलवू लागला. मी खिडकीचे गज धरले आणि पुन्हा म्हणालो, या वेळी मोठ्याने.