पेन्शनीतला पाय

खटावच्या हवालदार रंगराव निकमांचा डावा पाय सरहद्दीवर सुरुंगात गेला. सरकारने त्या पायाची पेन्शन लावली आणि घरी आल्यावर रंगरावांनी उजव्याला शिलाई मशीनवर कामाला लावलं. शाळेचे गणवेश तेच शिवत, आणि दिवस अगदी मजेत चालले होते.

एकदा पेन्शन कचेरीतले तपासनीस आले. आपल्या कडक शिस्तीचा त्यांना भारी अभिमान! मशीनची खडखड ऐकून ते दारातूनच कडाडले, "कागदावर अपंग आणि इथे धंदा जोरात? काम करता येतं ना? मग पेन्शन बंद!"

टीप पुरी करून, दोरा तोडून रंगराव शांतपणे म्हणाले, "साहेब, काम करतो तो हा उजवा. त्याने सरकारचा छदामही घेतलेला नाही. पेन्शन आहे डाव्याची, आणि तो गेल्यापासून एक दिवस कामावर आलेला नाही. तो इथे पायडल मारताना दिसला, तर खुशाल बंद करा."

साहेबांनी खरोखरच मशीनखाली वाकून पाहिलं. मग स्टूल ओढून, हसू दाबत त्यांनी अहवाल लिहिला, "समक्ष पाहणी केली. पेन्शनधारक पाय कामावर आढळला नाही."