पाणपोईतलं तिसरं माणूस

"पण सर, मग किल्ल्या मला का नाही?"

अमोघ बेलसरेने हा प्रश्न मिरजेला सरांच्या दारात, बूट काढायच्याही आधी विचारला. पुण्याहून निघाल्यापासून तो हाच प्रश्न घोकत आला होता, त्यामुळे नमस्कार राहून गेला.

यासीन मुजावर दार धरून उभे होते. सत्तरी गाठलेले, अंगात घरचा सदरा, चष्मा कपाळावर.

"आत तर ये की."

तो आत आला. खुर्चीवरची वर्तमानपत्रं सरांनी उचलली आणि कुठे ठेवावीत ते न सुचून हातातच धरून राहिले. त्या खुर्चीत बरेच दिवस कुणी बसलं नसावं.

या किल्ल्या लोखंडाच्या नव्हेत, हे आधी सांगायला हवं. फार वर्षांपूर्वी मुजावर सरांनी जावा या संगणकाच्या भाषेत एक वेब सर्व्हर लिहायला घेतला. वेब सर्व्हर म्हणजे, कुणी दुरून एखादं पान मागितलं की ते काढून देणारा प्रोग्रॅम. त्याचं नाव त्यांनी पाणपोई ठेवलं. कोड सगळ्यांना उघडा. कुणीही न्यावा, फुकट वापरावा, जमलं तर सुधारून परत द्यावा. कितीतरी गावांतली वाचनालयं, शाळा, दवाखाने त्यावर चालतात आणि त्यांतल्या कुणालाही मुजावर हे नाव ठाऊक नाही. नवी आवृत्ती बाहेर काढायचा हक्क, त्याला हे लोक किल्ल्या म्हणत. तो एकट्या सरांकडे होता.

आता सर थांबणार होते. तसं त्यांनी अमोघला कळवलं होतं. किल्ल्या तुला देत नाहीये, हेही त्याच निरोपात कळवलं होतं.

"चहा टाकू?"

"सर, मी चहासाठी नाही आलो."

"ते दिसतंय. तरी टाकतो."

सर आत गेले. शेजारी सतारीचा कारखाना होता. तिथे कुणीतरी एकच तार पुन्हापुन्हा छेडून बघत होतं. अमोघ ते ऐकत बसला आणि त्याला उगाच राग आला.

चहा आला.

"बोल."

"तीन वर्षं झाली मला. निम्मा कोड माझा आहे आज. रात्र म्हटलं नाही, रविवार म्हटलं नाही. आणि हैदराबादची ती कंपनी म्हणते, पाणपोईचा मुख्य म्हणून येणार असाल तर या. नुसते लिहिणारे आमच्याकडे खूप आहेत, म्हणते." त्याचा आवाज चढला. "माझं सगळं या एका गोष्टीवर अडलंय, सर."

"लिहितोस छान. त्यात वादच नाही."

"मग?"

"वाचत नाहीस."

अमोघने कप उचलला.

पाणपोईचा एक रिवाज होता. बदल कुणीही लिहो, अगदी सरांनी लिहिलेला असो, लिहिणारा सोडून आणखी दोघांनी तो ओळ न् ओळ वाचायचा. दोघांनी 'ठीक' म्हटलं की मग तो आत. म्हणजे काम चालायला कमीत कमी तीन माणसं लागतात. एके काळी वीसेक होती. मग कुणाला मूल झालं, कुणाला बढती मिळाली, कुणी नुसतंच यायचं थांबलं. असल्या कामातून माणसं भांडून जात नाहीत. आधी उशिरा उत्तर देतात, मग देत नाहीत. मला विचाराल तर भांडलेलं बरं.

शेवटी तिघं उरली. मुजावर सर, अमोघ, आणि हेमांगी पाध्ये नावाची एक बाई, जिला दोघांपैकी कुणी पाहिलेलं नव्हतं. निदान सर तसं समजत होते.

"मी वाचतो की तुमचे बदल," अमोघ म्हणाला. "प्रत्येक वाचलाय."

"काय लिहितोस वाचून?"

अमोघने कपात पाहिलं.

"'मस्त, सर.' दर वेळी 'मस्त, सर.' मागं मी मुद्दाम एक ओळ दोनदा लिहून पाठवली. तरी मस्तच."

"तुमच्या कोडमध्ये मी काय चूक काढणार?"

"हेमांगीनं काढली."

अमोघने कप खाली ठेवला. थोडा चहा बशीत सांडला.

"कुणी हळू नेटवरनं पान मागत असेल," सर सांगू लागले, आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला, "तर मी ठरावीक वेळ वाट बघून त्याला तोडत होतो. म्हटलं, एवढा वेळ कशाला दाराशी उभं करायचं? तर हिनं लिहिलं, 'सर, खेड्यातल्या माणसाला तुम्ही दारातून हाकलताय. त्याचं मागणं पुरं होऊ द्या.' असं, तोंडावर. किती वर्षं मी हा सर्व्हर लिहितोय... आजवर मला असं कुणी बोललं नव्हतं."

"राग नाही आला?"

"दिवसभर गुणगुणत होतो मी."

तार पुन्हा वाजली. थांबली.

"रझिया गेल्यापासून या घरात माझ्याशी वाद घालणारं कुणी नाही, अमोघ. मुलगी मस्कतहून फोन करते. 'हो अब्बा, बरं अब्बा.' तू 'मस्त, सर.' सगळी मला जपतात. ती एकटी मला वाचते." सरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि पुन्हा कपाळावर सरकवला. "सकाळी उठलो की आधी बघतो, हिचं काही आलंय का. किल्ल्या तिला दिल्यात."

"कुणाला?"

"हेमांगीला. आज सकाळीच तिच्या खात्यावर दिल्या."

आता इथे अमोघ नुसता गप्प बसला असता, तर किल्ल्या आपल्या पायांनी त्याच्या घरी आल्या होत्या. त्याला ते कळलंही. चांगला हुशार मुलगा आहे तो. फक्त त्या किल्ल्यांवर त्याचं नाव नव्हतं, आणि हैदराबादला नाव हवं होतं.

"सर... तुम्ही तिला ओळखत नाही. कोण, कुठली..."

"म्हणून तर तुला विचारणार होतो. तुझं नि तिचं बरं जमतं. भांडताही किती! मागं त्या एका बदलावरनं तुम्ही दोघं आठवडाभर भांडत होता. मी वाचायचो आणि एकटाच हसायचो." सर उठले आणि आतल्या खोलीचं दार त्यांनी लोटून उघडलं. "ही खोली झाडून घेतलीय. पंखा दुरुस्त केला. म्हटलं, किल्ल्या दिल्यात तर एकदा बोलवावं तिला. चार दिवस राहील. समोरासमोर बसून कोड वाचू. फोन नंबर आहे का तुझ्याकडं? एकदा आवाज तरी ऐकू दे."

खोलीत एक पलंग होता. त्यावर घडी न मोडलेली चादर होती, आणि खिडकीपाशी टेबल आणून ठेवलं होतं.

अमोघ त्या चादरीकडे बघत राहिला. मग त्याला राहवलं नाही.

"सर, ती नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे... हेमांगी नावाचं कुणी नाहीये. ते खातं मी काढलंय. ती मीच."

सर दाराची कडी धरून उभे राहिले.

अमोघ भराभर बोलू लागला. त्याचा पहिला बदल चार महिने पडून होता. एकाने वाचला, म्हणजे सरांनी. दुसरं वाचायला माणूसच नव्हतं. त्याने जुन्या सगळ्यांना निरोप पाठवले, कुणाचं उत्तर आलं नाही. रोज ऑफिसातून खोलीवर यायचं, डबा उघडायचा, लॅपटॉप उघडायचा, आणि बघायचं तर तो बदल तिथेच. "वेड लागायची पाळी आली होती, सर. वाटायचं, मी लिहिलेलं जगात कुणीच बघत नाहीये. मग म्हटलं, एक माणूसच तर कमी पडतंय."

"म्हणून माणूस केलंस."

"एकदाच करणार होतो. पण नंतर तुमचे बदल आले. तेही तिसऱ्या माणसावाचून अडले असते. आणि तिच्या नावानेसुद्धा 'मस्त, सर' लिहिलं असतं, तर तुम्हाला संशय आला असता. म्हणून मग... वाचावं लागलं."

"ओळ न् ओळ?"

"ओळ न् ओळ."

"आणि तुझा स्वतःचा कोड?"

"तोही. तिच्या नावाने वाचायला बसलो की माझ्याच चुका दिसायच्या. त्या तिने काढायच्या, मग मी तिच्याशी भांडायचं. सुरुवातीला नाटक होतं. नंतर... बहुतेक वेळा तिचं बरोबर असायचं."

सरांनी खोलीचं दार ओढून घेतलं. येऊन खुर्चीत बसले.

"तुम्हाला माहीत होतं?" अमोघने विचारलं. असल्या गोष्टींत गुरूला सगळं आधीच माहीत असतं, तशी त्याची आशा होती.

"नव्हतं."

"म्हणजे आपण दोघंच होतो," सर म्हणाले. "इतके दिवस."

त्यांचे डोळे भरले. ते त्यांनी लपवले नाहीत, पुसलेही नाहीत. अमोघला वाटलं, ओरडले असते तर सोपं होतं. कुणी मेल्याची बातमी आपण घेऊन आलो आहोत असं त्याला वाटू लागलं, आणि मेलेलं माणूस कधी जन्मलंच नव्हतं.

"सर, चुकलं माझं."

"फसवलंस तू मला."

"हो."

"त्या वाचनालयांनाही. तिघांनी वाचलंय असं समजून ते सर्व्हर चालवतात."

"हो, सर."

"तो हळू नेटवाला बदल... तेव्हा काय मनात होतं तुझ्या? खरं सांग."

अमोघने आठवून पाहिलं. "काही नव्हतं, सर. आजोळच्या गावी आईचा फोन लागत नाही, तेवढं आठवलं. आणि राग आला तुमचा."

"माझा राग?"

"हो. म्हणजे तिला आला."

सर एवढंसं हसले, की अमोघला तसं वाटलं.

मग त्यांनी टेबलावरचा लॅपटॉप उघडून त्याच्याकडे वळवला. पडद्यावर पाणपोईचं पान होतं. सकाळी नोंदवलेली ओळ सगळ्यात वर होती. किल्ल्या, हेमांगी पाध्ये.

अमोघला कळलं की आता आपल्याला सुधारायची संधी मिळतेय. तो पुढे सरकून बसला. त्याच्या आवाजात कामाचा हुरूप परत आला.

"सगळं नीट करतो, सर. आजच. झालं ते सगळ्यांना उघड सांगतो. जे बदल असे आत गेलेत ते पुन्हा वाचायला काढू. तुम्ही वाचा, आणि तिसरं माणूस मी शोधतो, खरं माणूस, मिळेपर्यंत नवी आवृत्ती काढायची नाही."

"बरोबर."

"एका माणसाची दोन खाती पुन्हा कधी होणार नाहीत."

"व्हायला नकोतच. एका माणसाचं एक."

"मग तिचं खातं मी आत्ता बंद करतो. तुमच्यासमोर." त्याने लॅपटॉप जवळ ओढला. "किल्ल्या मग माझ्या नावावर घेता येतील. म्हणजे तुम्हाला योग्य वाटलं तर. तीन वर्षांचं काम तर माझ्या नावावर आहेच."

शेजारी सतारीची तार एकदाची सुरात लागली होती, आता दुसरी सुरू झाली.

अमोघने हेमांगी पाध्ये हे नाव शोधलं. त्यावर बोट ठेवलं. पडद्यावर प्रश्न आला, खातं कायमचं बंद करायचं का?

"करू, सर?"

सरांनी हात पुढे केला आणि त्याचं बोट हलकेच तिथून उचललं.

"तिचं राहू दे... तुझं बंद कर."